पहिली रोड बाईक: वाढत्या अंगाची घेऊ नका

ट्रायथलॉनचं वेड घरात शिरलं की पोहण्याचा आणि पळण्याचा खर्च फारसा जाणवत नाही. पोशाख, गॉगल, बऱ्यापैकी बूट, झालं. खिसा कापते ती सायकल. आणि सायकल म्हटली की सल्ले देणाऱ्यांची रांग लागते. पुणे, नाशिक, कोल्हापूरकडे आता प्रत्येक सोसायटीत एखादे आयर्नमॅन काका सापडतात. त्यांचा अनुभव खराच असतो, फक्त तो चाळिशीतल्या माणसाच्या शर्यतीचा असतो. पंधरा वर्षांच्या पोराची शर्यत वेगळी. बहुतेक गैरसमज याच गल्लतीतून येतात.

“ट्रायथलॉनला ट्रायथलॉनचीच सायकल लागते”

गोव्यात मिरामारला २०१९ मध्ये आयर्नमॅन ७०.३ ही शर्यत सुरू झाली. १.९ किलोमीटर पोहायचं, ९० किलोमीटर सायकल, मग २१.१ किलोमीटर धावायचं. तिथे दुसऱ्याच्या मागे चिकटून सायकल हाकायला, म्हणजे ड्राफ्टिंगला, बंदी आहे. ज्यानं त्यानं आपापला वारा कापायचा. म्हणून ती पुढे आलेली लांब हँडलं, त्यांवर कोपरं टेकवून वाकून बसणं. त्या शर्यतीत १८ वर्षांखालच्यांना प्रवेशच नाही.

मुलांची स्प्रिंट शर्यत ७५० मीटर, २० किलोमीटर आणि ५ किलोमीटरची असते. लहान गटांना त्याहून कमी अंतर. वर्ल्ड ट्रायथलॉनच्या नियमांनी होणाऱ्या युवा आणि ज्युनियर शर्यतींत साधारणपणे ड्राफ्टिंगला मुभा असते. मुलं घोळक्यानं सायकल चालवतात, मागे राहणाऱ्याची एक चतुर्थांशाहून अधिक ताकद वाचते. घोळक्यात बोटं ब्रेकवर हवीत. त्यामुळे अशा शर्यतीत खाली वळलेल्या हँडलची साधी रोड बाईकच चालते. २०२३ पासून हँडलवर बसवायचे क्लिप-ऑन बारसुद्धा तिथे बाद झाले आहेत. पुढे आलेल्या लांब हँडलांची, दोन-तीन लाखांची टीटी बाईक घेऊन गेलात तर पोराला कडेला उभं करतील. स्थानिक खुल्या शर्यतींचे नियम वेगळे असू शकतात, पण रोड बाईक तिथेही चालतेच. अशी पहिली एखादी खुली शर्यत तर घरातल्या हायब्रिड सायकलवर मारायलाही हरकत नाही. वीस किलोमीटर होतात.

“एक साइज मोठी घ्या, वाढतं वय आहे”

शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवायची आपली जुनी सवय. शर्ट ढगळ असला तर बाही दुमडता येते. सायकलची नळी दुमडता येत नाही.

मोठ्या फ्रेमवर सीट खाली घेता येते, त्यामुळे दुकानात सगळं ठीक वाटतं. खरी अडचण लांबीची आहे. सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर फ्रेममध्येच ठरलेलं असतं. हँडलला फ्रेमशी जोडणारा तुकडा, म्हणजे स्टेम, आखूड लावून दोनेक सेंटिमीटर वाचतात. त्याहून कमी करायला गेलं की सायकल हाताखाली बिथरल्यासारखी वागते. मग पोरगं सीटच्या नाकावर सरकून बसतं, कोपरं ताठ होतात, मान अवघडते. सगळ्यात वाईट म्हणजे हँडलच्या खालच्या वळणावर हात धरले की ब्रेकपर्यंत बोटं पोहोचत नाहीत. कात्रजचा किंवा पन्हाळ्याचा उतार अशा सायकलवर उतरू देऊ नये.

उलट किंचित लहान फ्रेम वाढवता येते. सीटपोस्टवर कमाल उंचीची रेघ असते, तिथपर्यंत तो वर घ्यायचा. ८० मिलिमीटरचा स्टेम काढून १०० चा लावायचा. म्हणून दोन मापांत घोळ झाला तर मी धाकटं माप सुचवेन. वयात येताना मुलं एखाद्या वर्षात आठ-दहा सेंटिमीटर उंच होतात. मुलींची ही उडी साधारण दोन वर्षं आधी येऊन जाते. एकच सायकल बारा ते वीस वयापर्यंत पुरवायचा हट्ट सोडावा. दोन-तीन हंगाम वापरायची आणि पुढच्या पोराला विकायची, असाच हिशेब धरावा.

माप घरीच घेता येतं. पोराला अनवाणी भिंतीला टेकून उभं करा, पायांत थोडं अंतर. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक मांड्यांमध्ये धरून, सीटवर बसल्यासारखं वाटेल इतकं वर दाबा. जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि ०.८८३ नं गुणा. ७८ सेंटिमीटर आलं तर उत्तर ६९ च्या आसपास. क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीटच्या नळीच्या रेषेत, एवढी उंची ठेवून सुरुवात करायची. पायडल तळाला असताना टाच टेकवली की पाय सरळ व्हावा. चवडा ठेवला की गुडघ्यात थोडा बाक राहावा. बसल्यावर कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल तर सीट उंच झाली आहे.

फ्रेमवर लिहिलेल्या ५० किंवा ५२ वर मात्र विसंबू नका, कंपनीगणिक तो आकडा फिरतो. कंपनीच्या तक्त्यात स्टॅक आणि रीच, म्हणजे हँडलकडची उंची आणि लांबी, पाहा. लहान चणीच्या मुलींसाठी क्रँक १६५ मिलिमीटरचा मिळाला तर उत्तम. बऱ्याच ब्रेक लिव्हरमध्ये एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येतो. दुकानदाराला तो तुमच्यासमोर फिरवायला लावा आणि पोराची दोन बोटं लिव्हरवर नीट बसतात का ते बघा.

“हलकी तेवढी वेगवान, म्हणून कार्बन”

दुकानात सायकल एका बोटावर उचलून दाखवणं हा विक्रीचा आवडता प्रयोग. हिशेब करून पाहू. मुलगा ५२ किलोचा, सायकल १० किलोची, मिळून ६२. सायकल एक किलोनं हलकी झाली, तर दहा मिनिटांच्या चढावर वाचतात नऊ-दहा सेकंद. सपाट रस्त्यावर जवळजवळ काहीच नाही, कारण तिथे लढाई वजनाशी नसून वाऱ्याशी असते. त्या एका किलोपायी कित्येक हजार मोजण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही. ॲल्युमिनियमची फ्रेम आणि पुढचा चिमटा कार्बनचा, एवढं पहिल्या सायकलीला भरपूर झालं.

वेग स्वस्तात हवा असेल तर टायर बदला. कमी किमतीच्या सायकलींवर येणारे जाड, ताठ टायर आणि चांगले मऊ टायर यांत जोडीमागे दहा-पंधरा वॉटचा फरक सहज पडतो. चौदा-पंधरा वर्षांच्या पायांना एवढे वॉट कमवायला महिनोन्‌महिने लागतात.

हवेबद्दलही असाच समज आहे, की टायर दगडासारखा टणक हवा. आपल्या रस्त्यांवर, खड्डे आणि रंबलर धरून, टणक टायर उड्या मारतो आणि वेग खातो. पन्नास किलोच्या मुलाला २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये ६५-७० पीएसआय पुरतात. रोड बाईकचा वॉल्व्ह बहुतेक वेळा बारीक, प्रेस्टा जातीचा असतो. पेट्रोल पंपावरची नळी त्यावर बसत नाही. घरी मीटरचा उभा पंप घ्यावाच लागतो, कारण ही चाकं दोन-चार दिवसांत हवा सोडतात.

“एकवीस गिअर सोळांपेक्षा भारी”

पुढे तीन आणि मागे सात चकत्यांचे एकवीस होतात, पण त्यातले बरेच एकमेकांची नक्कल असतात. पाहायचं ते सर्वांत जड आणि सर्वांत हलक्या गिअरमधलं अंतर. पुढे ५०-३४ आणि मागे ११-३२ दातांची जोडी बहुतेकांना पुरते. ५०-११ वर पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे साडेनऊ मीटर जाते. मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या तर ताशी ५१ किलोमीटर. तो वेग पोराला फक्त उतारावर मिळणार आहे. ३४-३२ वर एका फेरीत सव्वादोन मीटर, म्हणजे सिंहगडाच्या चढावरही पाय फिरत राहतात.

शिमानो कंपनीच्या गिअरसंचांच्या उतरंडीत टूर्नी, क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५ असा चढता क्रम. माझं मत क्लॅरिसच्या बाजूनं आहे. मागच्या आठ चकत्यांचे सुटे भाग स्वस्त असतात आणि गावातला मेकॅनिकही ते लावू शकतो. अशा सायकली साधारण चाळीस ते साठ हजारांत बसतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा दुकानातली जुनी किंमतपट्टी मुकाट्यानं मान्य करू नका.

डिस्क ब्रेक सक्तीचे नाहीत. कोकणात पावसात सराव करायचा असेल तर घ्या, नाहीतर चांगले रिम ब्रेक पुरतात. पायडलला अडकणारे क्लीटचे बूटही पहिल्या दिवशी नकोत. साध्या पायडलवर पळायच्या बुटांनी स्प्रिंट केली तर सायकल ठेवल्यावर बूट बदलायचा वेळ उलट वाचतो.

“सेकंड हँड म्हणजे दुसऱ्याची कटकट”

ॲल्युमिनियमची वापरलेली सायकल हा या वयातला सर्वांत चांगला सौदा ठरू शकतो. चाक उचलून फिरवा, रिम डुलते का पाहा. रिम ब्रेक असतील तर रिमच्या कडेवर बोट फिरवा. खोलगट लागली तर चाक संपत आलंय. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा, हँडलच्या मुळाशी खटखट आली तर तिथे ढिलाई आहे. चेन किती ताणली गेलीय हे मोजायची पट्टी मेकॅनिककडे असते. क्रँकजवळ आणि हँडलखाली रंगात केसासारखी रेघ दिसली तर सौदा सोडा. वापरलेला कार्बन मात्र नको, आतली चीर बाहेरून दिसत नाही. क्रँकखाली कोरलेला फ्रेम नंबर आणि मूळ बिल जुळवून पाहा. चोरीच्या सायकली बाजारात फिरतात.

एकूण बजेटचा पाचवा हिस्सा तरी सायकलीबाहेर ठेवा. त्यातला पहिला खर्च प्रमाणित हेल्मेटचा. शर्यतीत स्टँडवरून सायकल काढण्याआधी त्याचा पट्टा लावलेला असावा लागतो आणि सायकल परत टांगेपर्यंत तो सोडता येत नाही. मग दोन ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, छोटा पंप, मागचा लाल दिवा, पॅडची चड्डी. शर्यतीआधीच्या तपासणीत ब्रेक दोन्ही चाकांना लागतात का ते बघतात, आणि हँडलच्या दोन्ही टोकांना बुचं आहेत का तेही. काही रुपयांचं ते बूच पडलेलं असेल तर चाळीस हजारांची सायकलही आत सोडत नाहीत. दोन जादा बुचं पिशवीत टाकून ठेवा.