इतिहासाचीं साधनें आणि मायक्रोफिल्म

आमच्या हरसूलचा बाजार डिसेंबर १८५७ मध्यें बंडवाल्यांनीं लुटला, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. त्या काळीं हें गांव पेठ संस्थानांत मोडत असे. ही हकीकत आपणांस कळते ती मुख्यतः नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरवरून. तें १८८३ सालीं छापलें गेलें, आणि त्याचा आधार म्हणजे सरकारी अंमलदारांचे लेख. ते लेख नसते, तर ही गोष्ट केवळ वृद्धांच्या तोंडीं उरली असती, अथवा तेथेंही उरली नसती. इतिहास म्हणून आपण जें वाचतों, त्याचें मूळ पुष्कळदां एखाद्या एकुलत्या एक कागदांत असतें. आणि कागदाचे शत्रू तर अनेक: वाळवी, कसर, ओल, आग, आणि सर्वांहून मोठा शत्रू म्हणजे मनुष्याची बेपर्वाई. यावर विसाव्या शतकांत जो एक उपाय सर्वत्र रूढ झाला, त्याची माहिती विद्यार्थ्यांस करून द्यावी, असें आम्हीं योजिलें आहे.

मायक्रोफिल्म म्हणजे कागदांच्या अतिसूक्ष्म छायाचित्रांची लांब फीत. ही कल्पना छायाचित्रणकलेइतकीच जुनी आहे. १८३९ सालीं लिव्हरपूल येथें जॉन डान्सर यानें अशीं सूक्ष्म चित्रें काढून पाहिलीं. पुढें १८७०-७१ मध्यें प्रशियाच्या सैन्यानें पॅरिस शहरास वेढा घातला, तेव्हां दाग्रों नांवाच्या छायाचित्रकारानें पुष्कळसे निरोप पातळ पापुद्र्यांवर उतरविले, आणि ते कबुतरांच्या शेपटीच्या पिसांस बांधून शहरांत पोहोंचविण्यांत आले. १९२० नंतर अमेरिकेंतील बँकांनीं चेकांच्या नकला ठेवण्यासाठीं या युक्तीचा उपयोग केला, आणि मग ग्रंथालयांनीं व दप्तरखान्यांनीं ती उचलली. सामान्यतः ही फीत ३५ मिलिमीटर रुंद व सुमारें १०० फूट लांब असते. मुठींत मावेल अशा एका रिळावर शेंकडों पानें बसतात. वाचावयाचें झाल्यास रीळ एका यंत्रावर चढवितात; दिव्याच्या योगानें पान मोठें होऊन पडद्यावर उमटतें, आणि वाचक दांडा फिरवीत एकामागून एक पान पाहत जातो. चांगल्या प्रतीची फीत थंड व कोरड्या जागीं ठेविली, तर ती सुमारें ५०० वर्षें टिकेल, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे.

राजकीय इतिहासाच्या कामीं या साधनाचा मोठा उपयोग अमेरिकेनें केला. तेथील काँग्रेसनें १९५७ सालीं कायदा करून आपल्या ग्रंथालयांतील अध्यक्षांच्या कागदपत्रांची मायक्रोफिल्म करण्याची आज्ञा दिली. युद्धानें किंवा अन्य संकटानें हे कागद नष्ट झाले तरी त्यांतील मजकूर शिल्लक राहावा, हा एक हेतु. आणि अभ्यासकांस तो सुलभ व्हावा, हा दुसरा. वॉशिंग्टन, जेफर्सन, लिंकन इत्यादि २३ अध्यक्षांचे कागद या रीतीनें तीन हजारांहून अधिक रिळांवर उतरले. मूळ पत्र जेथल्या तेथें राहिलें. परंतु त्याची प्रतिमा दूरदूरच्या विद्यापीठांस विकत घेतां येऊं लागली.

आतां कोणी विचारील, अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्रांशीं आम्हां सह्याद्रीच्या कुशींत राहणाऱ्यांचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. लिंकन यानें दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी केली, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांस जाणारा तिकडील कापूस बंद पडला. त्याबरोबर खानदेश-वऱ्हाडच्या कापसास सोन्याचें मोल आलें. मुंबईंत पैशाचा पूर लोटला व लोकांस शेअरांचें वेड लागलें. १८६५ सालीं युद्ध संपलें, कापसाचा भाव गडगडला, आणि पुष्कळ पेढ्या व कंपन्या बुडाल्या. म्हणजे, अमेरिकेंत गुलामगिरीवरून झगडा व्हावा, आणि त्याची झळ धुळ्या-जळगांवच्या शेतकऱ्यास लागावी, असा तो योग होता. मुंबईंतील अमेरिकन कॉन्सलांनीं १८३८ पासून १९०६ पर्यंत आपल्या सरकारास जे खलिते धाडले, तेही तेथील राष्ट्रीय दप्तरखान्यानें मायक्रोफिल्मवर उतरविले आहेत. या काळाच्या अभ्यासकानें तीं रिळें अवश्य पाहावीं.

दुसरा धागा याहून मोलाचा. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांस मुक्त करण्यासाठीं झटलेल्या अमेरिकेच्या लोकांस अर्पण केला. त्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९१३ ते १९१६ या काळांत न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांत अध्ययन केलें. १९४६ सालीं त्यांनीं अमेरिकेंतील थोर कृष्णवर्णीय विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांस पत्र लिहिलें. तेथील कृष्णवर्णीयांची स्थिति व येथील अस्पृश्यांची स्थिति यांत पुष्कळ साम्य आहे, असें त्यांत सांगून, कृष्णवर्णीयांच्या वतीनें संयुक्त राष्ट्रसंघाकडे जो अर्ज करण्यांत आला, त्याच्या प्रती त्यांनीं मागविल्या. ड्यू बॉइस यांनीं त्याच वर्षीं जुलैअखेर सहानुभूतीचें उत्तर धाडलें. त्यांचा सारा पत्रव्यवहार पुढें मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाकडे आला, आणि १९८० च्या सुमारास त्याची मायक्रोफिल्म ८९ रिळांवर झाली. आतां तर तीं पत्रें विद्यापीठाच्या संकेतस्थळावरही पाहावयास मिळतात. हा पत्रव्यवहार कोणी रद्दींत घातला असता, तर दोन खंडांतील दलितांनीं एकमेकांस दिलेली ही हांक पुढील पिढ्यांस कशी ऐकूं आली असती?

अशा साधनांचा उपयोग कसा करावा, हेंही थोडक्यांत सांगूं. प्रथम त्या संग्रहाची सूची पाहावी. कोणत्या रिळावर कोणत्या सालचे कागद आहेत, तें तींत दिलेलें असतें. सूची न पाहतां रीळ फिरवीत बसणें म्हणजे गवताच्या गंजींत सुई शोधणें होय. मजकूर उतरून घेतांना लिहिणाराचें नांव, ज्यास लिहिलें त्याचें नांव, तारीख व रिळाचा क्रमांक हीं चार टिपून ठेवावीं. आपल्या देशांतही दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत मायक्रोफिल्मचा मोठा सांठा आहे. ज्यास पुढें इतिहासाचा अभ्यास करावयाचा आहे, त्यानें तेथील रीतभात आधींच समजून घ्यावी.

परंतु या उपायाच्या मर्यादा सांगितल्यावांचून लेख पुरा करणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. फीतही नाशवंत आहे. जुन्या ॲसिटेटच्या फिती उष्णतेनें व दमटपणानें कुजतात, आणि त्यांस शिरक्यासारखा वास येऊं लागतो. शिवाय, चित्र घेतलें आहे, आतां मूळ कशास हवें, असें म्हणून अमेरिकेंतील कित्येक ग्रंथालयांनीं जुनीं वर्तमानपत्रें काढून टाकलीं. मागाहून पाहतां कांहीं पानें पुसट, तर कांहीं गळालेलीं आढळलीं, आणि रंगीत चित्रें तर काळींपांढरीं होऊन बसलीं. नक्कल ही मुळाची सोबतीण आहे, वारस नव्हे.

याहून मोठी मर्यादा अशी कीं, जें कोणीं लिहिलेंच नाहीं, तें फितीवर येत नाहीं. १८५७ च्या त्या बाजाराची हकीकत अंमलदारांनीं लिहिली. परंतु बंडांत शिरलेल्या कोळ्यांस व भिल्लांस काय वाटत होतें, तें त्यांच्या हातचें लिहिलेलें आपणांजवळ नाहीं. म्हणून कोणताही कागद हातीं आला, कीं तो कोणीं लिहिला, कोणासाठीं लिहिला, आणि कोणास बोलूं दिलें नाहीं, हे तीन प्रश्न विद्यार्थ्यानें आपल्या मनास विचारावे.

आमच्या विद्यार्थ्यांचे आजे-आज्या अजून हयात आहेत तोंवर त्यांच्या आठवणी वहींत उतरून घ्याव्या, खालीं सांगणाराचें नांव व तारीख लिहावी, आणि त्या वहीच्या दोन प्रती करून दोन घरीं ठेवाव्या. इतकें केलें, तर या डोंगराळ मुलखाचा इतिहास पुढें लिहूं पाहणारास केवळ अंमलदारांच्या कागदांवर अवलंबून राहावें लागणार नाहीं.