शेततळ्याचा ठेकेदार ठरवताना

शेततळं खोदायला पोकलेनवाला दारात येतो, गोड बोलतो आणि उचल मागतो. आमच्या गटात आम्ही आधी विचारतो, एक पावसाळा काढलेली तुमची दोन तळी दाखवा. तिथं बोलायचं ते तळ्याच्या मालकिणीशी, ठेकेदाराला बाजूला ठेवून. बांध खचला का? बोलावल्यावर माणूस परत आला का?

बिलात जीएसटी लावणार असेल तर नंबर मागा. तो १५ अक्षरी असतो, महाराष्ट्रातला २७ने सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की कुणाच्या नावाचा ते दिसतं. छोट्या ठेकेदाराकडे नंबर नसला म्हणून तो लबाड ठरत नाही, पण मग बिलात जीएसटीही नको.

खरी गफलत मापात होते. ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल, सरळ गुणाकार २,७०० घनमीटर. पण बाजू उतरत्या असतात ना! एकास एक उतार धरला तर तळ २४ बाय २४ राहतो आणि खोदाई भरते २,१९६ घनमीटर. वरच्या ५०४ घनमीटरचे पैसे कशाचे? माप, दर आणि प्लॅस्टिकच्या कागदाची जाडी, म्हणजे ५०० मायक्रॉन, हे सही घेऊन लिहून ठेवा. उचल त्यानंतर.