पांढऱ्या भुकटीवर धातूचे ठिपके

दोस्तांनो, घराच्या भिंतीचा पांढरा रंग बघा बरं. त्याचा शुभ्रपणा बहुधा टायटॅनियम डायऑक्साइड नावाच्या भुकटीचा असतो. गंमत म्हणजे, ती इल्मेनाइट या काळ्या खनिजापासून बनवतात. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही ते सापडतं!

पण या भुकटीचा खरा पराक्रम वेगळाच आहे. १९७२ साली अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी एक प्रयोग जाहीर केला. त्यांनी टायटॅनियम डायऑक्साइडचा तुकडा आणि प्लॅटिनम पाण्यात बुडवून तारेने जोडले आणि तुकड्यावर प्रकाश सोडला. तुकड्यापाशी ऑक्सिजन निघाला, प्लॅटिनमपाशी हायड्रोजन! हायड्रोजन हे इंधन आहे. तो जळला की पाणीच तयार होतं. धूर नाही, काजळी नाही. मग उन्हापासून असं इंधन भरपूर का मिळत नाही?

त्याचं असं आहे. प्रकाश पडला की भुकटीतला इलेक्ट्रॉन जागा सोडून उडी मारतो आणि मागे एक पोकळी उरते. दोघांनीही कामं करायची असतात. इलेक्ट्रॉनने हायड्रोजन बनवायचा, पोकळीने ऑक्सिजन. पण बहुतेक इलेक्ट्रॉन पापणी लवायच्या आत पुन्हा पोकळीत जाऊन बसतात. झालं, काम बोंबललं!

यावर उपाय म्हणजे भुकटीच्या कणांवर प्लॅटिनमचे ठिपके बसवायचे. वाटसरू जसा पारावर टेकतो, तसा इलेक्ट्रॉन या ठिपक्यावर थांबतो. तिथेच हायड्रोजन तयार होणंही सोपं जातं. हे ठिपके जेमतेम काही नॅनोमीटरचे असतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग! मग ते बसवायचे कसे? १९७८ मध्ये अमेरिकेत क्रॉयटलर आणि बार्ड यांनी हे काम प्रकाशाकडूनच करून घेतलं. प्लॅटिनमच्या क्षाराच्या द्रावणात भुकटी ढवळून त्यावर प्रकाश सोडायचा. मोकळे झालेले इलेक्ट्रॉन विरघळलेल्या प्लॅटिनमला पुन्हा धातू बनवतात आणि तो कणांवर चिकटतो. आहे की नाही युक्ती?

मग भरपूर प्लॅटिनम लावलं तर? उलटंच होतं! धातू जास्त झाला की प्रकाश अडतो आणि इलेक्ट्रॉन-पोकळीची गाठही तिथेच पडू लागते. म्हणून शंभर ग्रॅम भुकटीला सहसा ग्रॅमभर किंवा त्याहून कमी धातू पुरतो.

तरी दोन अडचणी उरतातच. ही भुकटी मुख्यतः अतिनील किरणांवर चालते आणि जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात ते शंभरात जेमतेम पाच भाग असतात. सोन्या-चांदीचे सूक्ष्म कण डोळ्यांना दिसणारा प्रकाशही टिपतात, म्हणून शास्त्रज्ञ तेही वापरून बघतात. दुसरी अडचण पैशांची, कारण हे सगळे धातू महागडे! म्हणून तांबं आणि निकेल यांच्यावरही प्रयोग चालू आहेत.

स्वस्त धातू, साधं ऊन आणि पाणी एवढ्यावर भागेल असं इंधन बनवायचं, हे कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही. रसायनशास्त्राच्या तासाला इलेक्ट्रॉनचा धडा आला की हे ठिपके आठवा बरं का!