बोलबाला आणि खप

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. सूर्यमाळच्या बाजूच्या एका पाड्यावरचा हा मुलगा. एक वर्ष महाविद्यालयात काढून तो आयटीआयमध्ये गेला, वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम त्याने पुरा केला आणि दोन हंगाम भिवंडीकडे दुसऱ्याच्या दुकानात राबला. आता त्याला खोडाळ्याच्या रस्त्यावर स्वतःचे दुकान टाकायचे होते. काही रक्कम आईच्या बचत गटातून उचलायची, काही स्वतःची घालायची आणि वेल्डिंगचे यंत्र घ्यायचे, असा बेत होता. यंत्र कोणते घ्यायचे तेही त्याने जवळजवळ ठरवले होते.

"सर, सगळीकडे एकाच मशीनचं नाव ऐकतो मी," तो म्हणाला. "टपरीवर तेच, हार्डवेअरच्या दुकानात तेच, मोबाईलवर पोरं विचारतात तेही त्याच मशीनचं. म्हणजे सगळ्यात जास्त खपत असणार ना तेच? मग तेच घ्यावं म्हणतो."

त्या छापाचे नाव मी इथे सांगत नाही. व्याख्यानात मालाची जाहिरात नको. पण प्रश्न साधा नाही. नागली, वरई, भात घरात आले आणि दिवाळी झाली, की जव्हार-मोखाड्यातली कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला उतरतात. ज्याच्या हातात धंदा आहे त्याला गाव सोडावे लागत नाही. आणि धंद्याचे यंत्र चुकीचे निघाले, तर यंत्र थांबते, गटाचा हप्ता थांबत नाही.

मी काही वेल्डर नव्हे. अर्थशास्त्र शिकवतो आणि त्यातला संख्याशास्त्राचा पेपर माझ्याकडे असतो. म्हणून यंत्राबद्दल बोलण्याआधी मी त्याला त्याच्या "म्हणजे"बद्दल विचारले. पुष्कळ नाव ऐकू येते, *म्हणजे* पुष्कळ खपते, हे कशावरून?

असे पाहा. एखाद्या यंत्राबद्दल कोण कोण बोलतो? ते ज्याच्याकडे आहे तो बोलतो, हे खरे. पण त्याचे यंत्र मुकाट्याने चालत असेल तर तो कशाला बोलेल? घरातल्या जात्याबद्दल कोणी रोज बोलत नाही. खुंटा मोडला की बोलतो. म्हणजे चर्चेत पहिला मोठा वाटा अडचणीत सापडलेल्यांचा. दुसरा वाटा अजून न घेतलेल्यांचा, आमच्या या मुलासारख्यांचा. हे लोक चौकशी करतात, एकाला विचारतात, मग दुसऱ्याला विचारतात, आणि एकच ग्राहक दहा ठिकाणी ते नाव उच्चारतो. तिसरा वाटा विकणाऱ्याचा. त्याच्याकडे जो माल पडून आहे त्याचेच नाव त्याच्या तोंडी जास्त येणार. आणि नव्या वस्तूचे नवेपण ही गोष्ट निराळीच. गावात नवी सून आली की आठ दिवस तिचीच चर्चा. म्हणून गावात सुनांपेक्षा सासवा कमी आहेत असे कोणी म्हणत नाही!

यंत्राच्या जातीवरही बोलणे अवलंबून असते. हे समजण्यासाठी वेल्डिंगचे यंत्र काय करते ते थोडक्यात सांगतो. आपल्या घरात येणाऱ्या विजेचा दाब साधारण २३० व्होल्ट. लोखंड वितळवायला एवढा दाब लागत नाही. प्रवाह मात्र मोठा लागतो. ३.१५ मिलिमीटर जाडीचा रॉड, ज्याला दुकानात दहा नंबर म्हणतात, तो नीट जळायला ९० ते १३० अँपिअरच्या आसपास प्रवाह हवा. दाब उतरवून प्रवाह वाढवायचा हे यंत्राचे काम. जुने यंत्र म्हणजे ट्रान्स्फॉर्मर: लोखंडी गाभा, त्यावर तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या तारेचे वेढे. ते जड असते. दोघांनी उचलावे आणि दुकानात एकदा ठेवले की तिथेच राहावे. नवे यंत्र इन्व्हर्टर जातीचे. ते विजेची कंपने इलेक्ट्रॉनिक भागांच्या साहाय्याने शेकडो पटींत वाढवते, आणि कंपने वाढली की आतला ट्रान्स्फॉर्मर अगदी लहान चालतो. म्हणून हे यंत्र एका हातात उचलून नेता येते.

आता गंमत बघा. इन्व्हर्टर मोटारसायकलवर बसून पाड्यापाड्यावर फिरते. शाळेची खिडकी, देवळाचा कठडा, पाण्याच्या टाकीचा जिना, जिथे काम तिथे ते दिसते, आणि दहा जण त्याचे नाव वाचतात. ट्रान्स्फॉर्मर दुकानाच्या कोपऱ्यात धूळ खात वर्षानुवर्षे काम करतो, त्याचे नाव कोणी वाचत नाही. पुष्कळांना तर नावच नसते! मोटारीचे वाइंडिंग करणारे कारागीर असे ट्रान्स्फॉर्मर स्वतः बांधून विकतात. वर रंग, दोन दांडे, चार चाके, पट्टी नाही. चर्चा ही नावांची होत असते. ज्याला नाव नाही ते किती का खपेना, चर्चेत त्याचा आकडा शून्य.

नाव असले तरी घोटाळा सुटत नाही. इतिहास म्हणून एक उदाहरण देतो, शिफारस म्हणून नव्हे. १९५१ साली मुंबईत अडवानी-ओर्लिकॉन ही कंपनी निघाली. स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉनचे तंत्र आणि इथले अडवानी यांचा तो संयुक्त उद्योग. २००३ साली तिचे नाव एडॉर वेल्डिंग झाले. ज्याने उमेदीची वर्षे जुन्या नावाच्या यंत्रावर काढली, त्याच्या तोंडात जुनेच नाव राहणार; त्याचा मुलगा नवे नाव घेणार. नावे मोजणारा मनुष्य एका घराची दोन घरे करून बसेल.

एवढे ऐकून तो मुलगा म्हणाला, "मग वाइंडिंगवाल्याला विचारू का? त्याच्याकडे तर सगळ्यांची मशीनं येतात."

हा विचार चांगला होता, आणि म्हणूनच जास्त फसवा. वाइंडिंगवाल्याकडे सगळी यंत्रे येत नाहीत, जळालेली येतात. समजा, आपल्या टापूत एका छापाची ८० यंत्रे आहेत आणि दुसऱ्या छापाची १०. हे आकडे मी मनाने घेतले आहेत, हिशेबापुरते. पहिल्या छापाची वर्षात ८ जळाली, दुसऱ्याची ४. वाइंडिंगवाला प्रामाणिकपणे सांगेल, "पहिल्याची दुप्पट येतात माझ्याकडे, घेऊ नको." पण पहिल्यात दहापैकी एक जळाले आणि दुसऱ्यात दहापैकी चार! तो खोटे बोलला नाही. त्याने वरचा आकडा सांगितला, खालचा त्याला ठाऊक नव्हता. आमच्या विषयात याला छेद म्हणतात, आणि परीक्षेत मुले तोच विसरतात. शिवाय इन्व्हर्टरचे पॅनेल जळाले तर ते वाइंडिंगवाल्याकडे येतच नाही. ते नाशिकला किंवा ठाण्याकडे जाते, किंवा घरी पडून राहते. तेव्हा वाइंडिंगवाल्याकडे ज्याचे नाव निघत नाही ते उत्तम, असेही म्हणता येत नाही.

बोलणाऱ्यांवरून न बोलणाऱ्यांचा अंदाज करण्याची ही खोड जुनी आहे. रेडिओच्या मंडळींना तिचा अनुभव फार लवकर आला. १९५२ साली रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सयानींच्या त्या कार्यक्रमाला पत्रांचा असा पूर आला, की ती उघडून मोजणे हेच एक काम होऊन बसले. पुढे गाण्यांची क्रमवारी लावताना तबकड्यांच्या विक्रीचा आधार घेतला जाई, आणि जोडीला गावोगावच्या श्रोता संघांची मते. दोन्ही का, ते उघड आहे. पत्र लिहिणारा हौशी असतो आणि एकटा वीस पत्रे टाकू शकतो; तर तबकडी दुकानात आलीच नसेल किंवा संपली असेल, तर विक्रीचा आकडाही खोटा पडतो. फर्माइशींच्या बाबतीत झुमरी तलैयाचे नाव कोणाला ठाऊक नाही? आताच्या झारखंडातले, कोडरमा जिल्ह्यातले, अभ्रकाच्या खाणींच्या मुलखातले हे गाव. तिथून इतक्या फर्माइशी येत, की असे गाव खरोखर आहे की नाही अशी लोकांना शंका यायची. पत्रांवरून लोकसंख्या काढली असती तर झुमरी तलैया मुंबईच्या शेजारी जाऊन बसले असते. आणि त्याच वेळी लाखो घरांत रेडिओ ऐकला जात होता, ज्यांनी आयुष्यात एक पत्र टाकले नाही.

मग खरे कसे काढायचे? याचे उत्तर आपल्याकडे शेतीत फार चांगले दिलेले आहे. पिकाची आणेवारी पूर्वी नजरेने ठरे. कोणी म्हणे दहा आणे, कोणी म्हणे सहा. आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा अंदाज खरा. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे मोठे संख्याशास्त्रज्ञ. १९४०च्या दशकात दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत असताना त्यांनी पीक कापणीच्या प्रयोगांना शास्त्रशुद्ध पाया दिला. पद्धत ऐकायला सोपी आहे. गावे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची, गावातली शेते तशीच निवडायची, शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तेवढेच पीक कापायचे, मळायचे आणि तोलायचे. सगळे मर्म निवडीत आहे. रस्त्याकडेचे शेत सोयीचे म्हणून घ्यायचे नाही, ओळखीच्या पाटलाचे घ्यायचे नाही, चांगले दिसते म्हणूनही नाही आणि वाईट दिसते म्हणूनही नाही. चिठ्ठी निघेल ते. मुक्या शेतालाही बोलक्या शेताएवढीच संधी मिळते.

मी त्या मुलाला तेच सुचवले. कसाऱ्याहून विहीगाव, सूर्यमाळ, खोडाळा आणि पुढे मोखाडा, जव्हार. या रस्त्यावर वेल्डिंगची दुकाने अशी कितीशी असणार? चिठ्ठ्यांचीही गरज नाही, एका मोटारसायकलवर दोन दिवसांत सगळीच मोजून होतील. सगळीच पाहायची, हे मात्र पक्के. बंद असलेले दुकानही टिपायचे. कारण ज्याचे यंत्र कायमचे बसले त्याचेच दुकान बंद असायची शक्यता असते, आणि तो टपरीवर बोलायला येत नाही. प्रत्येक दुकानात यंत्र स्वतः बघायचे. "कुठलं चांगलं?" असे विचारायचे नाही, तसे विचारले की माणूस ऐकलेले सांगतो. हे कधी घेतले, किती वेळा दुरुस्तीला गेले, कुठे नेले, किती दिवस काम बंद राहिले, एवढेच विचारायचे. आणि शेवटी: उद्या पैसे हातात आले तर हेच घ्याल का?

त्याने वहीत रकाने आखले. मी आणखी दोन रकाने घालायला लावले, कारण खप कळला तरी त्याचे काम अर्धेच होते. वसई-भिवंडीत जे यंत्र सर्वांत जास्त खपते ते सूर्यमाळला चालेलच असे नाही. आमच्याकडे तारेच्या शेवटच्या टोकाला दाब पडतो; पिठाची गिरणी सुरू झाली की दिवा पिवळा होतो. दाब पडला की ट्रान्स्फॉर्मरचा प्रवाहही उतरतो आणि रॉड लोखंडाला चिकटतो. इन्व्हर्टरमध्ये काही यंत्रे कमी दाबावरही काम धरून ठेवतात, काही एका मर्यादेखाली सरळ बंद पडतात. कोणते यंत्र किती दाबापर्यंत चालते ते त्याच्या पट्टीवर किंवा सोबतच्या कागदावर छापलेले असते. म्हणून एक रकाना त्याचा.

दुसरा रकाना टक्क्यांचा. यंत्राच्या नावात २०० असा आकडा ठळक असतो, आणि बारीक अक्षरात साठ टक्के किंवा तीस टक्के असे काही लिहिलेले असते. त्याचा अर्थ दहा मिनिटांत किती मिनिटे तो प्रवाह सलग घेता येईल, हा. साठ टक्के म्हणजे सहा मिनिटे काम, चार मिनिटे विश्रांती. तीस टक्क्यांचे यंत्र ट्रॉलीच्या सांगाड्यावर सलग चालवले, तर दोष यंत्राचा नाही; पण टपरीवर शिव्या यंत्रालाच बसतात, आणि त्या शिव्याही पुन्हा 'चर्चा' म्हणून मोजल्या जातात.

"एवढं सगळं करून शेवटी तेच मशीन चांगलं निघालं तर?" त्याने विचारले.

"तर तेच घे," मी म्हणालो. चर्चा नेहमी चुकतेच असे मी कुठे म्हटले? ती कधी बरोबर आहे आणि कधी चुकली आहे, हे चर्चेवरूनच कळत नाही, एवढेच माझे म्हणणे.

आठवड्याने त्याचा फोन आला. तो रस्त्यावरच होता. पहिल्याच दुकानासमोर उभा होता. यंत्र चौदा वर्षांचे, दोनदा वाइंडिंग केलेले, अजून चालू. पण त्याच्यावर पट्टीच नव्हती आणि कोणी बांधले ते मालकालाही आठवत नव्हते. "सर, नावाच्या रकान्यात काय लिहू?"

"नाव नाही, असं लिही," मी म्हणालो, "आणि पुढच्या दुकानात जा."