दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर पोट फुगले तर?

मराठवाड्यात उन्हाळा तापला की मूतखड्याचे रुग्ण वाढतात. पूर्वी त्यासाठी कूस चिरावी लागे. १९७६ साली स्वीडनच्या डॉक्टरांनी पाठीच्या लहानशा छिद्रातून खडा काढण्याची रीत जगापुढे मांडली.

छिद्र लहान असले तरी शेजारी आतडे, प्लीहा, फुप्फुसाचे आवरण असते. क्वचित त्यांना इजा होते. टेबलावरच लक्षात आली तर तिथल्या तिथे उपाय होतो. छातीत हवा-पाणी साठल्यास नळी घालतात. मोठ्या आतड्याची पाठीकडील इजा पुष्कळदा नळ्या व प्रतिजैविकांवरच भरून येते.

खरा धोका न दिसलेल्या इजेचा. रुग्ण घरी जातो आणि दोन-चार दिवसांनी छिद्राजवळ दुखणे, पोटफुगी, जुलाब, बारीक ताप सुरू होतो. पोट कडक लागेलच असे नाही, म्हणून ‘गॅस’ समजून गोळी घेतली जाते. माझ्याकडे असाच एक शेतकरी चौथ्या दिवशी आला. इंजेक्शन मागत होता. मी त्याला आल्या रिक्षाने सर्जनकडे पाठविले. सीटी स्कॅनमध्ये आतड्याचे छिद्र दिसले. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली आणि तो वाचला.

तेव्हा वाचकहो, डिस्चार्ज कार्ड जपा. अशी लक्षणे दिसताच आपल्या सर्जनकडे किंवा घाटीत जा. सकाळची वाट पाहू नका.