पापणी पातुरात, वैद्य अकोल्यात

श्रावण-भाद्रपदात सोयाबीन-तुरीच्या रानांत पाणी साचून बिळे बुडू लागली, की वऱ्हाडात सर्पदंशाचे रोगी वाढतात. आणि त्यांत मण्यार चावलेला रोगी वैद्याची सर्वांत कठीण परीक्षा पाहतो, कारण जमिनीवर निजलेल्या माणसाला रात्री झालेला हा दंश बहुधा दुखत नाही, सुजत नाही, दातांची खूणही क्वचितच सापडते, आणि पहाटे पोटदुखीची तक्रार घेऊन आलेल्याच्या पापण्या जड होऊ लागेपर्यंत विषाची वर्दी कोणी देत नाही.

पापणीचे हे मिटत जाणे दृश्य लक्षण असल्यामुळे ते दूर धाडता येते. पातुरातील परिचारिकेने मोबाइल रोग्यासमोर धरून त्याला छताकडे टक लावावयास आणि एका श्वासात अंक मोजावयास सांगितले, तर अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयातील तज्ज्ञाला लुळेपणा कोठवर चढला याचा अदमास बसल्या जागी येऊ शकतो. घोणशीच्या विषाची कसोटीही अशीच डोळ्यांनी पाहण्याजोगी आहे: काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडे रक्त घ्यावे, न हलवता २० मिनिटे ठेवावे आणि मग नळी कॅमेऱ्यासमोर कलती करावी, रक्त वाहिले, तर गोठण्याची क्रिया मोडली. नळी मात्र प्लॅस्टिकची नसावी, कारण गोठण्यास चालना काचच देते. हे पडद्यावर कळत नाही, विचारावेच लागते.

चलच्चित्र पाठविताना यंत्र बहुतेक वेळा मागील चित्रात झालेला फरकच तेवढा धाडते, आणि संदेशवहन क्षीण झाले की बारकाव्यांना प्रथम कात्री लावते. झुकलेली पापणी त्यातून तगते. ओठांवरील फिकट निळसर छटा तगेलच असे नाही, त्यातून पिवळा दिवा व कॅमेऱ्याची रंगदुरुस्ती आपापली ढवळाढवळ करतात ती वेगळीच.

कल्पना तशी जुनी. लायडनच्या आइन्थोव्हेन यांनी १९०५ साली रुग्णालयातील रोग्याच्या हृदयाचा आलेख दूरध्वनीच्या तारेने सुमारे दीड किलोमीटरवरील आपल्या प्रयोगशाळेत नोंदविला होता. आपल्याकडे मार्च २०२० च्या दूरवैद्यकाच्या शासकीय सूचनांनी तातडीच्या प्रसंगी असा सल्ला प्रथमोपचार व जीवरक्षणापुरता मुक्रर केला आणि रोग्यास लवकरात लवकर प्रत्यक्ष तपासणीकडे धाडण्याचे बंधन घातले. ही मर्यादा आम्हांस रास्त वाटते. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवर चालणारी प्रतिविषाची लस शिरेतून द्यावी लागते, तिची तीव्र प्रतिक्रिया आली तर अॅड्रेनालिन हाताशी लागते, आणि श्वास मंदावला तर अकोल्याला पोचेपर्यंत रुग्णवाहिकेत कोणीतरी अंबू बॅग दाबीत राहावे लागते.