मौनाची किंमत

ऑनलाइन तिकीट काढताना अखेरच्या पायरीवर रक्कम थोडी वाढलेली दिसते. बारकाईने पाहिल्यास उमगते की प्रवासविम्याच्या चौकटीत बरोबरची खूण आधीच केलेली होती. ग्राहकाने विमा मागितला नव्हता. फक्त नाकारला नव्हता. 'मौनं सम्मतिलक्षणम्' या वचनाचा इतका फायदेशीर वापर क्वचितच झाला असेल.

अशा युक्त्यांना हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश रचनातज्ज्ञाने २०१० मध्ये 'डार्क पॅटर्न्स' असे नाव दिले. त्यांत पुष्कळदा उघड असत्य नसते, म्हणून त्या चटकन ध्यानात येत नाहीत. त्यांचे भांडवल मनुष्यस्वभाव हेच. समोर जे ठरवून ठेवलेले असते, ते बदलण्याचा आपल्याला कंटाळा असतो. शिवाय लाभाच्या आनंदापेक्षा तेवढ्याच हानीचे दुःख अधिक बोचते, हे डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडले. 'दोनच नग शिल्लक', 'सवलत दहा मिनिटांत समाप्त' ही वाक्ये त्या बोचणीवरच चालतात. पान पुन्हा उघडले की दहा मिनिटे पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, ते वेगळे!

सदस्यत्व एका स्पर्शात मिळते. सोडताना मात्र दमछाक होते. अ‍ॅमेझॉनच्या प्राइम सदस्यत्वावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२३ मध्ये दावा लावला. सदस्यत्व रद्द करण्याच्या प्रक्रियेला कंपनीत 'इलियड' म्हणत, असे त्यात नमूद होते. इलियड म्हणजे दीर्घ युद्धाचे ग्रीक महाकाव्य. सप्टेंबर २०२५ मध्ये अडीच अब्ज डॉलरांवर तडजोड झाली. त्यांतील दीड अब्ज ग्राहकांना परत देण्यासाठी होते. कंपनीने दोष मान्य केला नाही.

आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा प्रकारांना मनाई केली. न विचारता खरेदीत वस्तू, सेवा किंवा धर्मादाय देणगी मिसळणे हा त्यांतला एक. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

व्यापारी कुटुंबांनी मात्र याची दुसरी बाजूही पाहावी. हे नियम विक्रेत्यांनाही लागू आहेत. गिऱ्हाइकाच्या पिशवीत न मागितलेला रुमाल सरकवून त्याचे पैसे बिलात लावण्याचे धाडस पेढीवर कोणी करणार नाही. पण दुकानाचे संकेतस्थळ तयार साच्यातून बनते, त्यात उलटे मोजणारे घड्याळ आयतेच येते, आणि मालक त्याला सजावट समजतो. ते घड्याळ खोटे असेल, तर 'खोटी निकड' या प्रकारात मोडते. विचारणा झालीच, तर ती नुसत्या साचा बनवणाऱ्याकडे होणार नाही. संकेतस्थळावर नाव पेढीचे असते.